कुणाचा रस्ता, कुणाची परवानगी

भिवंडीची 1970 ची दंगल निघाली की पहिला प्रश्न येतो, किती मेले? मला अटकेचे आकडे जास्त बोलके वाटतात. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगापुढे जी नोंद आली, तीत शहरातल्या मृतांमध्ये 59 मुसलमान होते आणि 17 हिंदू. दखलपात्र गुन्ह्यांसाठी पोलिसांनी ज्यांना उचललं त्यांत 901 मुसलमान आणि 21 हिंदू. दोन्ही जोड्या एकाच शहरातल्या, एकाच दंगलीतल्या. ज्या बाजूची माणसं तिपटीहून जास्त मेली, त्याच बाजूची माणसं चाळीसपटीहून जास्त आत गेली.

ही सगळी मतदार माणसं होती. तीन वर्षांपूर्वी, 1967 ला, त्यांनी लोकसभेला आणि विधानसभेला मत दिलं होतं, पुढच्या वर्षी लोकसभेला पुन्हा द्यायचं होतं. संविधानाचं कलम 19 त्यांना लागू होतं. देश प्रजासत्ताक होऊन वीस वर्षं झाली होती. मग 1970 च्या मे महिन्यात भिवंडीचा माणूस स्वतंत्र होता की नव्हता, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या वर्गापेक्षा निजामपुऱ्याच्या रस्त्यावर उभं राहून विचारलेला बरा.

गाव जुनं. कल्याण-भिवंडी 1657 साली शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली, हे शाळेत सगळे शिकतात. तिथल्या कोकणी मुसलमानांची घराणी त्याहूनही मागे जातात, हे मात्र पुस्तकात नसतं. पुढे उत्तरेतून मोमीन-अन्सारी विणकर आले, तेलंगणातून पद्मशाली आले. हातमाग गेले, यंत्रमाग आले. गल्लीतून चालताना आजही दोन्ही बाजूंनी खटाखट आवाज येतो, आणि बारा बारा तासांच्या पाळीत काम केलेला कारीगर घरीही जरा मोठ्यानेच बोलतो. ताणा एकाचा, बाणा दुसऱ्याचा, सूत विकणारा तिसरा, कापड उचलणारा चौथा. धंद्यात धर्म बघून चालत नाही, बघितला तर माग बंद पडतो. म्हणूनच बाहेरच्यांना आश्चर्य वाटतं की इथे दंगल होतेच कशी. पण व्यवहाराचं नातं आणि शेजाराचं नातं एकच नसतं. सूत उधार देणारा शेठ आपली गल्ली कुठली, हे विसरत नाही.

साठच्या दशकाच्या मध्यापासून भिवंडीत शिवजयंतीची सार्वजनिक मिरवणूक मोठी होऊ लागली. शासनाने 19 फेब्रुवारी ठरवण्याच्या कितीतरी आधीचा हा काळ. जयंती तेव्हा वैशाख शुद्ध द्वितीयेला, एप्रिल-मेच्या उन्हात यायची. मिरवणूक काढणं हा हक्कच, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न दरवर्षी तीनच असायचे: मिरवणूक कुठल्या रस्त्याने जाणार, मशिदीपुढे वाजंत्री थांबणार की नाही, आणि घोषणा कोणत्या द्यायच्या. गुलाल मशिदीच्या भिंतीपर्यंत उडतो की अलीकडेच थांबतो, यावर तासन् तास बैठका झडायच्या. 1967 साली ठिणगी पडून गेली होती.

या वादाला कायद्याचं मूळही जुनंच आहे. प्रिव्ही कौन्सिलने 1924 साली मंझूर हसन विरुद्ध मुहम्मद झमान या खटल्यात ठरवून टाकलं की सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक आपल्या रीतीरिवाजांसह नेण्याचा हक्क प्रजेला आहे, मात्र स्थानिक अधिकाऱ्यांच्या हुकमाच्या आणि इतरांच्या वहिवाटीच्या अधीन राहून. खटला औरंगाबादचा होता. हे औरंगाबाद आपल्या मराठवाड्यातलं नव्हे, संयुक्त प्रांतातलं. आणि दोन्ही बाजू मुसलमानच होत्या, मिरवणूक शियांची, मशीद सुन्नींची. तेव्हा मशिदीपुढून वाजत जाण्याचा तंटा म्हणजे हिंदू-मुसलमानांचाच खास तंटा, असं समजायचं कारण नाही. रस्ता सगळ्यांचा असला की त्यावरून ऐटीत कोण जाणार, हा तंटा उभा राहतोच. इंग्रजाने निकाल दिला, पण ‘अधीन राहून’ या दोन शब्दांत सगळा अधिकार पोलीस ठाण्याच्या हाती ठेवला. आपण तीच व्यवस्था जशीच्या तशी उचलली. मुंबई पोलीस अधिनियम 1951, कलम 37. पोटकलम एक खाली काठी, दगड, हत्यार बाळगायला बंदी घालता येते आणि पोटकलम तीन खाली जमावाला आणि मिरवणुकीला. स्वातंत्र्य संविधानात लिहिलेलं असतं, त्याची पावती ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मिळते.

7 मे 1970. भिवंडीतली मिरवणूक राष्ट्रीय उत्सव मंडळाने काढली होती. दहा हजारांच्या आसपास माणूस. त्यांतले तीन-चार हजार आसपासच्या खेड्यांतून आलेले, आणि बहुतेकांच्या हातात काठ्या. काठीच्या टोकाला भगवा झेंडा. इथे जरा थांबलं पाहिजे, कारण त्या दिवसाची सगळी गोम या काठीत आहे. संविधान शांततेने आणि शस्त्रांशिवाय जमण्याचं स्वातंत्र्य देतं. काठी हे शस्त्र की नाही? नुसती लाठी घेऊन तीन हजार माणसं शहरात शिरली असती, तर कुठल्याही फौजदाराने नाक्यावरच अडवली असती. तिला फडका बांधला की ती झेंड्याची काठी होते, आणि झेंडा अडवायची हिंमत कुणी करत नाही. एवढ्या झेंड्यांना एवढ्या जाड काठ्या कशाला लागतात, हे विचारायला कायद्याची पदवी नको. ते विचारण्याची वेळ मिरवणूक निघण्याआधीची होती.

पुढचं सांगायला फार शब्द लागत नाहीत. नको त्या घोषणा सुरू झाल्या, दगड आले, मिरवणूक उधळली, आणि घटकाभरात शहर पेटलं. माग जळले, झोपड्या जळल्या. खोणी आणि नागाव या शेजारच्या गावांतही हत्याकांडं झाली. जळगाव आणि महाड पाठोपाठ. मादन आयोगाने दंगलीचं तात्कालिक कारण नोंदवताना शब्द चघळले नाहीत: मुसलमानांना डिवचण्यासाठी मिरवणुकीतल्या लोकांनी जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन. शहरात दोन्हीकडच्या जातीय संघटना काही वर्षांपासून कामाला लागल्या होत्या, हेही आयोगाने दडवलं नाही. मजलिस तामीर-ए-मिल्लतचं नाव अहवालात जनसंघ आणि शिवसेनेच्या बरोबरीने येतं.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक, दिल्लीत गृहमंत्री यशवंतराव चव्हाण. दोघेही मराठी, दोघेही याच राज्याची नस न् नस जाणणारे. 14 मे रोजी लोकसभेत खडाजंगी झाली, इंदिरा गांधी आणि अटलबिहारी वाजपेयी समोरासमोर आले. भिवंडीत मात्र तोवर संचारबंदी होती, आणि संचारबंदीत खरोखर कोण फिरत होतं हे तिथल्या लोकांना विचारावं लागलं असतं. मुंबईहून बलराज साहनी आले, ख्वाजा अहमद अब्बास आले. बलराजजी तर तिथे काही दिवस राहिले. त्यांचे धाकटे भाऊ भीष्म साहनीही बरोबर होते. जळक्या गल्लीतून चालताना त्यांना तेवीस वर्षांपूर्वीचं रावळपिंडी आठवलं आणि दिल्लीला परतून त्यांनी ‘तमस’ लिहायला घेतली. फाळणीवरची हिंदीतली एक मोठी कादंबरी भिवंडीच्या राखेतून निघाली, ही गोष्ट ठाणे जिल्ह्यातल्या किती वाचकांना ठाऊक असेल कोण जाणे.

दंगलीनंतर तपासासाठी विशेष पथक नेमलं गेलं. या पथकाच्या कामाबद्दल मादन यांनी जे लिहिलं ते वाचताना आजही मान खाली जाते. पक्षपाती तपास, रचलेले कट, खोटे गुंतवलेले आरोपी. म्हणजे ज्याचं घर जळलं तोच आरोपी, आणि त्याला आरोपी ठरवणारं कागदपत्र सरकारी. दंगलखोर एका रात्रीत घर जाळून जातो. खटला मात्र वर्षानुवर्षं चालतो, तारखांना जावं लागतं, माग बंद ठेवावा लागतो, वकिलाची फी भरावी लागते. 901 आणि 21 या आकड्यांचा अर्थ हा आहे.

मादन आयोगाचे सात खंड 1975 साली तयार झाले. त्याच वर्षी जूनमध्ये आणीबाणी आली. नागरिकाच्या स्वातंत्र्यावर आपल्याकडे जेव्हा कधी लिहिलं जातं तेव्हा लेखणी थेट त्या एकवीस महिन्यांकडे वळते. ते समजण्यासारखं आहे, कारण तेव्हा तुरुंगात गेलेल्यांत लिहिणारे पुष्कळ होते. भिवंडीच्या 901 जणांत कोण लिहिणारा होता? त्यांच्यासाठी मूलभूत हक्क कुणी स्थगित केले नव्हते. वर्तमानपत्रं निघत होती, न्यायालयं चालू होती, विधानसभेत प्रश्नोत्तरं होत होती. आणीबाणी जाहीर न करताही एखाद्या मोहल्ल्यापुरती ती आणता येते, हे अहवालातून पानापानावर दिसतं. आणि चौकशी आयोग कायद्याखालचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. न्यायमूर्ती मादन पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले, सर्वोच्च न्यायालयात गेले. अहवाल कपाटात गेला.

भिवंडीत त्यानंतर बरीच वर्षं शिवजयंतीची मिरवणूकच बंद ठेवण्यात आली. दंगल होते म्हणून मिरवणूक नको, हा प्रशासनाचा सोपा उपाय. सगळ्यांचा हक्क सारखा काढून घेतला की पक्षपाताचा आरोप येत नाही. शिवाजी महाराजांवर मनापासून प्रेम करणारा आणि कुणालाही डिवचायची इच्छा नसलेला भोईवाड्यातला माणूसही त्यात भरडला गेला. 1984 मध्ये बंदी उठली आणि त्याच मे महिन्यात दुसरी दंगल झाली. भगवे झेंडे, हिरवे झेंडे, शिवसेनाप्रमुखांचं मुंबईत चौपाटीवरचं भाषण, परभणीत त्यांच्या तसबिरीला घातलेला चपलांचा हार, अशी कारणांची माळ लांबलचक आहे. अन्सारी बागेत आसऱ्याला जमलेली माणसं जाळून मारण्यात आली. मुंबई, ठाणे, भिवंडी मिळून अडीचशेहून अधिक बळी गेले. चौदा वर्षांत कोणी काही शिकलं नव्हतं, शिकण्यासारखं सगळं सात खंडांत लिहून ठेवलेलं असूनही.

1988 साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी आधी जुनी दप्तरं काढली. दंगलीआधी काय घडत होतं, कोण कुणाला भेटत होतं, शांतता समितीत कोण बसत होतं. शांतता समिती ही आपल्याकडची मोठी गमतीची संस्था. सण आला की ठाण्यात बैठक, फरशीवर सतरंजी, चहा-बिस्किटं, व्यासपीठावर दोन्ही समाजांतले वजनदार पुढारी, ऐक्याची भाषणं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खोपड्यांना दिसलं की या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी अनेकांचं दुकानच तणावावर चालतं. दंगल थांबवण्यासाठी ज्याला बोलवावं लागतं त्याचा भाव दंगलीच्या भीतीने वाढतो. ही भीती संपावी असं त्याला का वाटेल?

मग त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधल्या, सत्तरच्या आसपास. पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं. मागवाला, रिक्षावाला, दुकानदार, शिक्षक, घरकाम करणारी बाई, दोन्ही धर्मांचे लोक एका कमिटीत. प्रत्येक कमिटीला ठाण्यातला एक पोलीस जोडून दिलेला. बैठका सण नसतानाही, ठरलेल्या दिवशी, त्याच वस्तीत. विषय कुठले? राष्ट्रीय एकात्मता वगैरे अजिबात नाही. नळावरची भांडणं, तुंबलेली गटारं, नवऱ्याची मारहाण, भाडेकरूचा वाद, रात्री बारानंतर चालणारा लाउडस्पीकर. ज्याला पोलीस भाषेत अदखलपात्र म्हणतात आणि ज्याची एनसी फाडून तक्रारदाराच्या हातात ठेवून त्याला घरी पाठवतात, नेमकं तेच. माणसाच्या आयुष्यात मात्र दखल घेण्यासारखं तेवढंच असतं. हळूहळू शिपाई मोहल्ल्यातल्यांना नावाने ओळखू लागला आणि मोहल्ला शिपायाला. अमुक मशिदीत शस्त्रं आलीत, तमुक देवळात मांस टाकलं, ही अफवा उठली की तासाभरात दोन्हीकडची माणसं एकत्र जाऊन बघून येत. अफवेचं आयुष्य तेवढंच.

6 डिसेंबर 1992 ला अयोध्येत मशीद पाडली गेली. डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत नऊशे माणसं मेली, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबात 575 मुसलमान, 275 हिंदू, बाकी इतर आणि ओळख न पटलेले. भिवंडी पेटणारच, असं सगळ्यांनी धरलंच होतं. भिवंडी पेटली नाही. खोपडे तेव्हा तिथे नव्हतेही, त्यांच्या जागी आलेले गुलाबराव पोळ यांनी कमिट्या चालू ठेवल्या होत्या. पुढे मुंबईने हा प्रयोग उचलला, ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी तिथे मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली. अमेरिकेत शिकवणारे आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम संघर्षावरच्या आपल्या ग्रंथात भिवंडीचा खास उल्लेख केला. नागरी संबंध नसतील तर पोलीसही ते विणू शकतात, याचं उदाहरण म्हणून.

कौतुक योग्यच आहे. पण मला त्यात एक गोष्ट टोचत राहते. ज्या वर्षांत भिवंडीचा माणूस खऱ्या अर्थाने निर्धास्त होता, ती वर्षं त्याला निवडणुकीने दिली नव्हती, न्यायालयाने नव्हती, नगरपालिकेनेही नव्हती. एका अधिकाऱ्याने दिली. कमिटीला कायद्याचा आधार नव्हता, बदलीचा हुकूम निघाला की ती पुढच्या साहेबाच्या मर्जीवर. शिवाय गल्लीतल्या प्रत्येक घराचं पोलिसाला ठाऊक असणं हे दुधारी आहे. चांगला साहेब त्यातून शेजार बांधतो, वाईट साहेब यादी बांधतो. हेही खरं की आधी पोलीस त्यांना झुंड म्हणून ओळखत होते, आता माणूस म्हणून ओळखू लागले, आणि झुंडीला कुठलंही स्वातंत्र्य नसतं.

उत्तर आयर्लंडमध्ये असाच रस्त्याचा तंटा होता. पोर्टाडाउन गावातल्या गार्व्हाघी रोडवरून, कॅथलिक वस्तीतून, प्रोटेस्टंट ऑरेंज ऑर्डरची मिरवणूक दर जुलैत जायची आणि दर जुलैत रक्त तापायचं. 1998 साली तिथे कायदा करून मिरवणुकांसाठी स्वतंत्र आयोग नेमला. कुठली मिरवणूक कुठल्या रस्त्याने, बँड कुठे थांबवायचा, हे तो आयोग लेखी ठरवतो आणि कारणं देतो. त्या वर्षापासून गार्व्हाघी रोडवर ती मिरवणूक गेलेली नाही. मिरवणूकवाले आजही नाराज आहेत. पण निर्णय कुणाचा आणि कशावरून, हे सगळ्यांना वाचता येतं, इन्स्पेक्टर बदलला म्हणून रस्ता बदलत नाही. आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षं आधी मादन आयोगाने इतकं रान उठवूनही परवानगी पोलीस ठाण्यातच राहिली.

5 जुलै 2006. या वेळी मिरवणूक नव्हती, देऊळ नव्हतं, मशिदीपुढची वाजंत्री नव्हती. वाद होता पोलीस ठाण्याच्याच इमारतीचा. कोटरगेटजवळची जागा कब्रस्तानची असल्याचं म्हणत लोकांनी बांधकामाला विरोध केला. जमाव चालून आला, पोलिसांनी गोळीबार केला, दोघे मेले. त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारलं, बसगाड्या जाळल्या. ज्या शहरात शिपाई आणि मोहल्ला एकमेकांना नावाने ओळखत होते, तिथे चौदा वर्षांनी हे झालं. मेलेले शिपाई कुणाचे शेजारी नव्हते, गणवेश होते. गोळी खाणारेही कुणी ओळखीचे नव्हते, जमाव होते. एक इमारत कुठे बांधायची, हा नळ आणि गटाराच्या पंक्तीत बसणारा विषय, कमिटीच्या दोन बैठकांत सुटला असता. त्या बैठका तोवर कागदावर उरल्या होत्या.

नंतरचं शहर आणखी मोठं झालं. 2011 च्या जनगणनेत सात लाखांच्या वर. मागांच्या जोडीला गोदामं आली. कारीगर आता बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे, मागांच्या कारखान्यातच झोपणारे, मत गावाकडे असलेले. 24 मार्च 2020 ला टाळेबंदी जाहीर झाली आणि माग एका रात्रीत थांबले. देशात कुठेही मुक्तपणे फिरण्याचा हक्क कलम 19 मध्येच आहे. घरी जायचं तर मात्र पोलीस ठाण्यात अर्ज, सोबत डॉक्टरचा दाखला, मग यादीत नाव. 2 मेच्या रात्री भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरसाठी श्रमिक गाडी सुटली, तीत यादीतलेच चढले. बाकीचे आग्रा रोडने चालत निघाले, नाक्यानाक्यावर अडवले जात.

जून 2022 मध्ये भिवंडी-निजामपूर महापालिकेची मुदत संपली. आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि पुढची तीन वर्षं आणि वर काही महिने सात लाखांच्या या शहराचा कारभार प्रशासकाने चालवला. त्या काळात नळाला पाणी आलं नाही, गटार तुंबलं, तर भांडायला नगरसेवक नव्हता आणि मोहल्ला कमिटीही नव्हती. तक्रार करायची ती अर्ज लिहून, प्रशासकांच्या नावाने, आणि पोच घेऊन घरी यायचं.